चौकटीशी खेळ : आरंभीच्या अमेरिकन वृत्तपत्रीय चित्रमालिकांतील विनोद व दृश्यक्रीडा (१८९५–१९४४)

प्रस्तावना

इतिहासाचे साधन म्हणून वृत्तपत्राचे महत्त्व आता नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि अग्रलेख, बातमी, वाचकांची पत्रे आणि जाहिराती यांचा साधन म्हणून जेवढा विचार झाला, तेवढा वृत्तपत्रातील हास्यचित्रांचा झालेला नाही. राजकीय व्यंगचित्राला इतिहासलेखनात थोडेफार स्थान मिळाले. कारण त्यात नेते असतात, घटना असतात आणि तारखेशी त्याचा संबंध जोडता येतो. रविवारच्या पुरवणीत छापली जाणारी चित्रमालिका, जिला आपण सर्रास 'कॉमिक स्ट्रिप' म्हणतो, ती मात्र बालरंजन म्हणून बाजूला राहिली. ज्यांनी तिची दखल घेतली त्यांनीही बहुधा तिच्यातील पात्रे आणि कथानके यांचीच चर्चा केली. पान कसे मांडले आहे, चौकटी कशा आखल्या आहेत आणि हसू नेमके कोठून उत्पन्न होते, याकडे लक्ष उशिरा गेले.

प्रस्तुत निबंधात इ. स. १८९५ ते १९४४ या कालखंडातील काही अमेरिकन चित्रमालिकांचा या दृष्टीने विचार केला आहे. या पानांवर दोन प्रकारचे हास्य एकत्र नांदत होते. एक हास्य माणसांवर होते : आयरिश, जर्मन, ज्यू, चिनी आणि विशेषतः कृष्णवर्णीय माणसांवर. दुसरे हास्य खुद्द कागदावर, चौकटीवर, अक्षरांवर, म्हणजे माध्यमावरच होते. पहिले आज वाचताना अवघडल्यासारखे होते. दुसरे शंभर वर्षांनंतरही ताजे वाटते. परंतु ही दोन्ही हास्ये पुष्कळदा एकाच हातातून आणि एकाच पानावर उतरलेली आहेत. त्यामुळे एकाची स्तुती करून दुसऱ्याकडे काणाडोळा करणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही.

साधनांविषयी एक गोष्ट येथेच नमूद केली पाहिजे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक ग्रंथालयांनी जुन्या वृत्तपत्रांचे मायक्रोफिल्म करून मूळ बांधीव खंड काढून टाकले. मायक्रोफिल्म कृष्णधवल असल्यामुळे रंगीत पुरवण्यांचा रंग त्यात उतरला नाही. बिल ब्लॅकबिअर्ड या संग्राहकाने असे टाकून दिलेले खंड वर्षानुवर्षे गोळा केले आणि १९९८ मध्ये तो प्रचंड संग्रह ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीकडे गेला. आज आपण ही पाने रंगांसह पाहू शकतो, याचे श्रेय बऱ्याच अंशी या एका माणसाच्या हव्यासाला आहे. ज्या वस्तूला ग्रंथालयांनी रद्दी ठरवले, तिच्यावर पुढे विद्यापीठीय अभ्यास उभा राहिला.

रविवारचे पान आणि त्याचे अर्थकारण

जोसेफ पुलित्झर याने १८८३ मध्ये 'न्यूयॉर्क वर्ल्ड' विकत घेतले आणि विल्यम रँडॉल्फ हर्स्ट १८९५ मध्ये 'न्यूयॉर्क जर्नल' घेऊन त्याच्या स्पर्धेत उतरला. न्यूयॉर्क त्या काळी स्थलांतरितांचे शहर होते. इंग्रजी नुकतीच शिकू लागलेल्या किंवा अजिबात न येणाऱ्या वाचकालाही रविवारचा अंक घ्यावासा वाटेल असे त्यात काहीतरी असणे धंद्याच्या दृष्टीने आवश्यक होते. रंगीत छपाईची यंत्रे १८९०च्या दशकात वृत्तपत्रांच्या हाती आली आणि ही गरज भागली.

रिचर्ड फेल्टन आउटकॉल्ट याने 'वर्ल्ड'मध्ये १८९५ पासून गरीब वस्तीतील मुलांची जी चित्रे काढली, त्यांतील टक्कल केलेला, पायघोळ झगा घातलेला मिकी डुगन हा मुलगा 'यलो किड' या नावाने प्रसिद्ध झाला. पिवळी शाई वाळते की नाही हे पाहण्यासाठी त्याचा झगा पिवळा छापला गेला, अशी एक आख्यायिका सांगतात. ती पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही. अधिक लक्षणीय गोष्ट ही, की या मुलाचे बोलणे त्याच्या झग्यावर लिहिलेले असे. कपडा हाच कागद झाला होता. १८९६च्या ऑक्टोबरात हर्स्टने आउटकॉल्टला आपल्याकडे ओढून घेतले. 'वर्ल्ड'ने जॉर्ज लक्स या चित्रकाराकडून तेच पात्र पुढे चालू ठेवले. काही काळ एकाच शहरात दोन पिवळी पोरे नांदत होती. 'पीत पत्रकारिता' या शब्दप्रयोगाचा या स्पर्धेशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे.

२५ ऑक्टोबर १८९६ रोजी 'जर्नल'मध्ये आलेले फोनोग्राफचे पान अभ्यासकांच्या विशेष आवडीचे आहे. मुलगा एका फोनोग्राफशी बोलत आहे, यंत्रातून शब्द बाहेर पडत आहेत आणि ते फुग्यात लिहिलेले आहेत. शेवटी यंत्राच्या पेटीतून एक पोपट बाहेर येतो. बोलत होता तो पोपट! फुग्यात संवाद लिहिण्याची रीत नवी नव्हती. अठराव्या शतकातील इंग्लिश व्यंगचित्रांत ती सर्रास आढळते. परंतु तेथे फुगा हे स्पष्टीकरण होते. येथे फुगा नसेल तर विनोदच उभा राहत नाही. आवाज दिसतो, आणि दिसणारा आवाज कोणाचा याबद्दल आपली फसगत होते.

पुढील वर्षी, १२ डिसेंबर १८९७ रोजी, रुडॉल्फ डर्क्स याची 'कॅट्झेनजामर किड्स' ही मालिका सुरू झाली. विल्हेल्म बुश याच्या 'मॅक्स उंड मॉरित्स' (१८६५) या जर्मन सचित्र पुस्तकाचा तिच्यावरील ठसा उघड आहे. त्यानंतर फ्रेडरिक बर ऑपर याचा 'हॅपी हूलिगन' (१९००) आला : डोक्यावर पत्र्याचा डबा घातलेला, सदैव दुसऱ्याचे भले करू पाहणारा आणि दर खेपेस पोलिसाच्या हाती सापडणारा आयरिश भटक्या. ऑपरच्याच दुसऱ्या मालिकेत मॉड नावाची खेचर दर आठवड्याला कोणाला तरी लाथ मारते. शेवट ठाऊक असतो, लाथ बसणारच. प्रश्न एवढाच, की आज कोणाला आणि कशी. हा ठरावीकपणा दोष मानला गेला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते पुढील सर्व दृश्यक्रीडेची पूर्वतयारी याच ठरावीकपणाने केली. वाचकाला नियम पाठ झाल्याशिवाय नियम मोडण्याची गंमत कळत नाही.

उलटे पान

नियम मोडण्याचे एक विलक्षण उदाहरण गुस्ताव्ह व्हर्बीक याचे आहे. त्याचा जन्म १८६७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे एका डच मिशनऱ्याच्या घरी झाला. ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९०५ या काळात 'न्यूयॉर्क हेरल्ड'मध्ये त्याने लेडी लव्हकिन्स आणि म्हातारा मफारू यांची मालिका काढली. सहा चौकटी सरळ वाचायच्या आणि मग पान उलटे धरून त्याच सहा चौकटी पुन्हा वाचायच्या, म्हणजे बारा चौकटींची कथा पूर्ण होते. सरळ पानावरची लव्हकिन्स उलट्या पानावर मफारू असते. एका प्रसिद्ध चौकटीत बेटाजवळच्या होडीत बसलेल्या मफारूवर मोठा मासा चालून येतो. पान फिरवले की तोच सारा देखावा एका प्रचंड पक्ष्याचा होतो आणि लव्हकिन्स त्याच्या चोचीत लटकलेली दिसते.

आपल्याकडील वाचकाला येथे विलोमकाव्याची आठवण व्हावी. सोळाव्या शतकातील पार्थपूरच्या दैवज्ञ सूर्यकवीच्या 'रामकृष्णविलोमकाव्या'त श्लोक सरळ वाचला तर रामाचा आणि उलट वाचला तर कृष्णाचा होतो. संस्कृत साहित्यशास्त्राने अशा चित्रकाव्याला अधम ठरवले, कारण त्यात रसापेक्षा कसरत अधिक. व्हर्बीकवरही हा आक्षेप घेता येईल. त्याच्या कथा खरोखरच सामान्य आहेत. तरीही वृत्तपत्र वाचणाऱ्या माणसाला हातातील कागद गरकन फिरवायला लावणे, आणि तेही दर रविवारी, साठांहून अधिक वेळा, ही गोष्ट लहान नाही. वाचन ही शारीरिक कृती आहे याचे भान त्याने हसत हसत करून दिले.

एक शिंक

याच 'हेरल्ड'मध्ये जुलै १९०४ पासून विन्सर मॅके याची 'लिटल सॅमी स्नीझ' ही मालिका येऊ लागली. मॅके सिनसिनाटी येथे एका करमणूक-संग्रहालयासाठी भित्तिचित्रे रंगवत असे. जत्रेतील गर्दीला एका नजरेत कसे थांबवावे हे तो तेथे शिकला असावा. सॅमीचे सूत्र कमालीचे साधे आहे. एक लहान मुलगा कोठेतरी उभा आहे. पहिल्या चार चौकटींत त्याला शिंक येऊ पाहते, पाचव्या चौकटीत ती येते आणि सभोवतीचे सारे उद्ध्वस्त होते, सहाव्या चौकटीत त्याला हाकलून देतात. आठवड्यामागून आठवडे हेच. सॅमीचे तोंड प्रत्येक वेळी तेवढेच वासते. बदलते ती पार्श्वभूमी.

२४ सप्टेंबर १९०५ च्या अंकात मात्र मॅकेने पार्श्वभूमी काढूनच टाकली. दुकान नाही, माणसे नाहीत, काहीही नाही. नुसती काळी चौकट आणि तिच्यात सॅमी. शिंक येते आणि मोडायला दुसरे काही नसल्यामुळे चौकटच मोडते. शेवटच्या चित्रात सॅमी आपल्याच चौकटीच्या तुकड्यांत खिन्न चेहऱ्याने बसलेला आहे. या पानावर कोणाच्याही वंशाची, बोलीची, गरिबीची थट्टा नाही. वाचकाने वर्षभर जी रेषा पाहूनही न पाहिल्यासारखी केली, ती अचानक एक वस्तू होते, फुटते, आणि हसू येते. मॅकेच्या सबंध कामात याहून अधिक नेटके पान प्रस्तुत लेखकाला आढळले नाही.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १५ ऑक्टोबर १९०५ रोजी, 'लिटल नेमो इन स्लंबरलँड' सुरू झाली. तिच्याविषयी विपुल लिहिले गेले आहे. पानाचा आकार सुमारे १६ इंच रुंद व २१ इंच उंच होता, ही गोष्ट मात्र लहान आकाराच्या पुनर्मुद्रणांमुळे विसरली जाते. २००५ मध्ये मालिकेच्या शताब्दीनिमित्त मूळ आकारात निघालेल्या संग्रहाने ती पुन्हा ध्यानात आणून दिली. दुसऱ्याच भागात नेमो उंच उंच अळिंब्यांच्या रानात शिरतो. अळिंब्या जसजशा उंच होत जातात तसतशा चौकटीही उंच होत जातात. २६ जुलै १९०८ च्या भागात नेमोच्या पलंगाचे पाय लांबत जातात आणि पलंग शहरातील घरांवरून ढांगा टाकत निघतो. चौकट त्याच्याबरोबर ताणली जाते. चौकटीचा आकार कथेच्या गरजेनुसार बदलावा हा विचार आज स्वाभाविक वाटतो. त्या काळी बहुतेक पाने विटांच्या भिंतीसारखी समान चौकोनांत रचलेली असत.

पण 'नेमो'मधील एक पान अडचणीत टाकते. भूक लागलेले नेमो, फ्लिप आणि इम्प पानाच्या माथ्यावरील शीर्षकाची अक्षरे उपटून खातात. कल्पना अप्रतिम आहे. आणि त्या पानावरचा इम्प कोण? गवताचा घागरा नेसलेला, जाड ओठांचा, अगम्य बोलणारा 'रानटी' आफ्रिकी, म्हणजे त्या काळच्या वंशवादी ठशाचे शब्दशः चित्र. तोही अक्षरे खातो. माध्यमाशी चाललेल्या खेळात तो बरोबरीचा गडी आहे. मात्र त्याला चेहरा दिलेला नाही, ठसा दिला आहे. रेषेच्या बाबतीत इतका स्वतंत्र असलेला चित्रकार माणसाच्या बाबतीत इतका परतंत्र कसा, असा प्रश्न येथे पडतो. मॅकेच्या चाहत्यांनी 'तो काळच तसा होता' एवढे म्हणून तो बाजूला सारला आहे. हे उत्तर अपुरे आहे, कारण काळ जशी चौकट देतो तसा ठसाही देतो. त्यांपैकी चौकट मॅकेने मोडली.

समकालीन टीकाकारांना मात्र या ठशांचे फारसे वैषम्य वाटत नव्हते. त्यांचा रोख मुलांच्या वळणावर होता : खोड्या, मारामाऱ्या, वडीलधाऱ्यांचा अवमान आणि भडक रंग. 'बॉस्टन हेरल्ड'ने १९०८ मध्ये आपली हास्यपुरवणी बंदच केली. दुसरीकडे 'शिकागो ट्रिब्यून'ने १९०६ मध्ये, शहरातील मोठा जर्मन वाचकवर्ग डोळ्यांसमोर ठेवून, जर्मनीत राहणाऱ्या लायोनेल फाइनिंगर याच्याकडून दोन मालिका करून घेतल्या. कोनाकोनांची घरे आणि चेहरे असलेले ढग काढणारा हा चित्रकार पुढे १९१९ मध्ये बाउहाउसमध्ये शिक्षक झाला. त्याच्या मालिका वर्षभरही चालल्या नाहीत. आधुनिक चित्रकलेचा इतिहास त्यांचा उल्लेख आवर्जून करतो. वाचकांनी तो केला नाही.

कोकोनिनो

जॉर्ज हेरिमन याने जून १९१० मध्ये 'द डिंगबॅट फॅमिली' ही मालिका हर्स्टच्या 'न्यूयॉर्क इव्हनिंग जर्नल'मध्ये सुरू केली. कुटुंबाच्या भानगडी वरच्या भागात चालत आणि खाली उरलेल्या जागेत एक मांजर व एक उंदीर वावरत. २६ जुलै १९१० रोजी उंदराने मांजराच्या डोक्यावर काहीतरी फेकले. पान भरून काढण्यासाठी केलेल्या या गमतीतून २८ ऑक्टोबर १९१३ रोजी 'क्रेझी कॅट' ही स्वतंत्र मालिका निघाली आणि २३ एप्रिल १९१६ पासून तिला रविवारचे पूर्ण पान मिळाले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की हे पान रंगीत हास्यपुरवणीत न छापता हर्स्टच्या अंकांतील कला-नाट्यविषयक विभागात कृष्णधवल छापले जाई; रंग त्याला १९३५ मध्ये मिळाले.

सूत्र पुन्हा एकच. क्रेझीचे इग्नाट्झ उंदरावर प्रेम आहे. इग्नाट्झ क्रेझीच्या डोक्यात वीट घालतो. क्रेझी ती वीट प्रेमाची खूण समजते. पोलीस अधिकारी असलेला कुत्रा पप याचे क्रेझीवर प्रेम आहे, म्हणून तो इग्नाट्झला तुरुंगात टाकतो. तीस वर्षे एवढेच घडत राहिले. क्रेझी नर की मादी हे हेरिमनने कधीच नक्की केले नाही. इंग्रजीत त्यामुळे सर्वनामांची पंचाईत होते. मराठीत 'ते मांजर' म्हणण्याची सोय आहे आणि ती या पात्राला चपखल बसते, तरीही वर 'समजते' लिहिताना प्रस्तुत लेखकाला ते क्रियापद कोणत्या लिंगाचे याचा निर्णय करावा लागला नाही, हे भाषेचे उपकारच.

या मालिकेतील खरी उलथापालथ पात्रांच्या मागे चालते. ॲरिझोनाच्या वाळवंटी प्रदेशावर बेतलेल्या कोकोनिनो परगण्यात एका चौकटीतील सुळका पुढील चौकटीत झाड होतो आणि त्यापुढील चौकटीत कुंडीतले रोप. दिवसाची रात्र होते आणि पुन्हा दिवस होतो. पात्रे मात्र आपले संभाषण तसेच पुढे चालू ठेवतात. कोणालाही आश्चर्य वाटत नाही. मॅकेच्या पानावर जग बदलले तर तो स्वप्नाचा परिणाम असतो आणि शेवटच्या लहान चौकटीत नेमो जागा होतो. हेरिमनकडे जागे होणे नाही. गिल्बर्ट सेल्ड्स याने १९२४ मध्ये लोकप्रिय कलांवरील आपल्या ग्रंथात या मालिकेला स्वतंत्र प्रकरण दिले. वृत्तपत्रे मात्र ती छापायला नाखूश असत. हर्स्टच्या मर्जीवर ती टिकली. १९२५ ते १९२९ या काळात तर निरनिराळ्या वृत्तपत्रांना चौकटी हव्या तशा हलवता याव्यात म्हणून हेरिमनला ठरावीक मांडणीत काम करावे लागले. त्या वर्षांतील पाने शेजारी ठेवून पाहिली म्हणजे मोकळ्या पानाचे मोल कळते. विनोद तोच आहे, पण कोकोनिनोतील हवा निघून गेल्यासारखी वाटते. पुढे महायुद्धकाळातील कागदटंचाईने सर्वच मालिकांच्या जागेला कात्री लावली आणि पूर्ण पानाचे युग जवळजवळ संपले.

हेरिमनच्या बाबतीत दोन हास्यांचा प्रश्न वेगळ्याच धारेने पुढे येतो. १९०२ मध्ये त्याने 'म्युझिकल मोझ' नावाची अल्पजीवी मालिका काढली होती. तिच्यातील कृष्णवर्णीय वादक वेगवेगळ्या वंशांच्या माणसांचे सोंग घेतो, पकडला जातो आणि मार खातो. ठशांच्या त्या काळात आणखी एक ठसा, एवढेच तिच्याविषयी म्हणता आले असते. परंतु १९७१ मध्ये आर्थर एसा बर्जर या अभ्यासकाने हेरिमनचा जन्मदाखला उजेडात आणला. न्यू ऑर्लिन्स येथील १८८०च्या त्या दाखल्यात त्याचा वंश 'कलर्ड', म्हणजे कृष्णवर्णीय, असा नोंदलेला आहे. हेरिमन लहान असतानाच कुटुंब लॉस एंजेलिसला गेले आणि तेथून पुढे तो गोरा म्हणून वावरला. सहकारी त्याला ग्रीक समजत. डोक्यावरची हॅट तो क्वचितच काढी. मायकेल टिसरँड याने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात ही सारी कागदपत्रे तपशिलाने मांडली आहेत.

हे कळल्यानंतर मोझकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही. 'क्रेझी कॅट'कडेही नाही. क्रेझी काळे आहे, इग्नाट्झ पांढरा. काही भागांत क्रेझी पांढरे होऊन येते, आणि एरवी विटा मारणारा इग्नाट्झ त्याच्या प्रेमात पडतो. रंग उतरला की पुन्हा वीट. चरित्र हाती लागले म्हणून प्रत्येक चौकटीत आत्मकथा शोधणे धोक्याचे आहे, आणि हा मोह अलीकडच्या काही लेखनात दिसतो. पण शाईचा काळा आणि कातडीचा काळा यांचा जो श्लेष इतर चित्रकार नकळत करत होते, तो हेरिमन जाणूनबुजून करत होता असे मानायला ही पाने पुरेसा आधार देतात. मॅकेने चौकट मोडली आणि ठसा तसाच ठेवला. हेरिमनने ठसाच पार्श्वभूमीसारखा बदलता ठेवला : सुळका झाड होतो, मांजर पांढरे होते, आणि कोणी काही विचारत नाही.

२५ एप्रिल १९४४ रोजी हेरिमन मरण पावला. चित्रकार गेला तरी मालिका दुसऱ्याकडून चालू ठेवण्याची प्रथा त्या धंद्यात रूढ होती. 'क्रेझी कॅट' मात्र कोणाकडे दिली गेली नाही. आगाऊ काढलेली पाने छापून झाल्यावर २५ जून १९४४ रोजी ती बंद पडली. शेवटच्या पानावर पाण्यातून काढलेल्या क्रेझीला पप उचलून नेत आहे. हेरिमनच्या मृत्यूच्या दाखल्यात त्याचा वंश 'कॉकेशियन', म्हणजे गोरा, असा लिहिलेला आहे.